तार मेली म्हणता, पण पाहिले कोणी?

भीमजयंती तीन आठवड्यांवर आली होती. गल्लीतल्या घरांना रंग देण्याचे ठरले. रविवारी सकाळी पोरे शिड्या, ब्रश, चुन्याच्या बादल्या घेऊन जमली. रंग द्यायचा तर आधी भिंती मोकळ्या करायला हव्यात. आणि आमच्या भिंतींवर काय नव्हते! काळ्या, करड्या, पिवळट, जाड, बारीक, चपट्या अशा तारांचे जाळे. कोणती कुठून आली, कुठे गेली, हे कोणालाच सांगता येईना. एका उत्साही पोराने खिशातून पक्कड काढली आणि म्हणाला, "काका, ह्या सगळ्या मेलेल्या तारा आहेत. घेऊ का तोडून?"

शेजारच्या आजीबाईंनीही दुजोरा दिला. "त्यात काय बी नाही बाबा. वीस वर्षं झाली, मी रोज त्याच्यावर धुणं वाळू घालते. मेलेली तार हाय ती."

आमच्यात आयटीआय केलेला एक वायरमन मुलगा होता. तो म्हणाला, "थांबा. मेली म्हणता, पण पाहिले कोणी?" त्याने टेस्टर लावला. दिवा लागला नाही. पक्कडवाला हसला. पण वायरमन काही शिडीवरून उतरेना. तारेचा माग काढत तो छपरावरून मागच्या गल्लीत गेला. ती तार मागच्या घराच्या भिंतीत शिरली होती. त्या घरातल्या बोर्डावर एक बटण होते. घरची बाई म्हणाली, "त्या बटणाने काहीच लागत नाही, म्हणून आम्ही लक्ष देत नाही. लेकरं खेळताना दाबतात." वायरमनने ते बटण दाबायला सांगितले आणि इकडे पुन्हा टेस्टर लावला. दिवा लख्ख पेटला.

खूप वर्षांपूर्वी पाण्याच्या हौदाजवळ दिवा हवा म्हणून मागच्या घरातून ही तार ओढली होती. हौद बुजला, दिवा गेला, होल्डर गळून पडला. तार मात्र राहिली. उन्हाने तिच्यावरचे आवरण तडकले होते, आणि ती ज्या लोखंडी तारेला बांधली होती, त्याच तारेवर आजीबाईंची नात शाळेचा गणवेश वाळत घालत होती. कुणाला काही झाले नाही. पण त्या दिवशी रंगाचे काम राहिले बाजूला. सगळी गल्ली त्या तारेकडे बघत उभी राहिली.

त्या दिवसापासून मी ठरवले की हा विषय आपल्या साप्ताहिकाच्या कुटुंबाच्या पानावर मांडायचाच. कारण ही काही एका गल्लीची गोष्ट नाही. भीमनगर असो, मुकुंदवाडी असो, मिलिंदनगर असो, उस्मानपुरा असो किंवा सिडको-हडकोतली रो हाऊस असोत, भिंतीवर तारांचे ओझे नाही असे घर शोधून सापडायचे नाही.

हे जाळे आले कुठून?

आपल्या भिंतीवर शहराचा पन्नास वर्षांचा इतिहास टांगलेला आहे. पहिली तार आली ती विजेची. तेव्हा महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ होते. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. मध्यंतरी, २०११ ते २०१४ या काळात, आपल्या शहराचे वितरण एका खासगी फ्रँचाइझी कंपनीकडे होते, नंतर ते पुन्हा महावितरणकडे आले. या काळात कुडाची घरे पत्र्याची झाली, पत्र्याची स्लॅबची झाली. मीटर आतून बाहेर आले. प्रत्येक वेळी नवी तार ओढली गेली, जुनी मात्र क्वचितच निघाली.

मग दूरदर्शन आले आणि घरोघर छपरावर अँटेना उभे राहिले. त्यांची चपटी वायर खिडकीतून आत आली. नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आला, १९९५ साली त्याचा कायदाही झाला. टेलिफोनची जोडतार आली. २०१३ साली आपल्या शहरात केबलचे डिजिटल प्रसारण सक्तीचे झाले, सेट टॉप बॉक्स आले, कुणी छत्री बसवली. आता मोबाईल आणि इंटरनेटसाठी काचेच्या धाग्याची फायबर केबल आली आहे. जोडायला माणूस धावत येतो. पण ग्राहकाने सेवा बंद केली की तार काढायला कोणी येत नाही. जोडण्याचे पैसे मिळतात, काढण्याचे कोण देणार?

यात आपल्याही हातची भर आहे. जयंतीची रोषणाई, लग्नाचा मांडव, बोअरच्या मोटारीची तात्पुरती लाईन. 'तात्पुरती' म्हणून बांधलेली तार वर्षानुवर्षे तिथेच राहते आणि पुढे तिचा धनी कोण हेही विसरले जाते.

मरण किती स्वस्त आहे?

घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. सात वॅटच्या छोट्या एलईडी दिव्याला साधारण ३० मिलिअँपिअर करंट लागतो. एवढाच करंट छातीतून गेला तर माणसाचे स्नायू आखडतात, हातातली तार सुटत नाही, श्वास अडकतो. थोडा वाढला की हृदयाची लय बिघडते. मीटरजवळचा फ्यूज किंवा एमसीबी कित्येक अँपिअरचा असतो. एवढ्याशा करंटने तो पडत नाही. म्हणजे माणूस तारेला चिकटलेला असतो आणि घरातला पंखा निवांत फिरत असतो.

म्हणून घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, ज्याला आता आरसीसीबी म्हणतात, तो बसवावा. करंट गळू लागला की तो क्षणात वीज तोडतो. पण एक लक्षात ठेवा, तो फक्त त्याच्या पुढच्या वायरिंगवर पहारा देतो. खांबापासून मीटरपर्यंतची तार त्याच्या पहाऱ्याबाहेर असते.

आणि खरा धोका तिथेच आहे. खांबावरून घरापर्यंत येणारी सर्व्हिस वायर एका लोखंडी जीआय तारेच्या आधाराने येते. ऊन, पाऊस, वारा खाऊन वायरचे आवरण बांधलेल्या ठिकाणी घासते. आतली ॲल्युमिनियमची तार जीआय तारेला टेकते. ती जीआय तार छपराच्या अँगलला किंवा पत्र्याला बांधलेली असते. मग पत्रा, दाराची चौकट, कपड्याची तार, सगळ्यांत करंट उतरतो. उन्हाळ्यात कोरड्या चपला घालून हात लावला तर झिणझिण्या येतात आणि आपण दुर्लक्ष करतो. पावसाळ्यात अनवाणी पायाने, ओल्या अंगणात, ओले लुगडे त्याच तारेवर टाकले की घात होतो. कपडे वाळत घालताना विजेचा धक्का बसून माय गेली, तिला सोडवायला गेलेला मुलगाही गेला, अशा बातम्या दर पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात वाचतो. कपडे वाळत घालणारे हात बहुधा घरातल्या बाईचे आणि मुलींचे असतात, हेही पुरुषमंडळींनी ध्यानात घ्यावे.

तार ओळखायची कशी?

मी वाणिज्य शाखेचा माणूस. हिशेबाच्या वहीला जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात आणि दोन्ही जुळल्याशिवाय खाते बंद करता येत नाही. तारेचेही तसेच आहे. तिला दोन टोके असतात. दोन्ही टोके डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचे खाते बंद करायचे नाही.

म्हणून आधी पक्कड नको, वही घ्या. जमिनीवर उभे राहून भिंतीवरच्या प्रत्येक तारेला क्रमांक द्या. कुठून येते, कुठे जाते, दिसायला कशी आहे, कोणाची आहे, हे लिहा. जी तार छपरावर किंवा भिंतीत दिसेनाशी होते, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करा. शिडी, काठी किंवा हात काहीही लावायचे नाही, फक्त पाहायचे.

अँटेनाची वायर चपटी, फितीसारखी असते, दोन्ही कडांना एकेक बारीक तार. टीव्ही केबलची वायर गोल व बहुधा काळी असते. तिच्या मध्यभागी एकच ताठ तार, भोवती पांढरा गाभा आणि त्यावर जाळी. टेलिफोनची तार बारीक, दोन पदरी असते. फायबर केबल बारीक, बहुधा काळी, तिच्यासोबत पोलादी आधारतार. विजेची सर्व्हिस वायर जाड, दोन पदरी किंवा चार पदरी, जीआय तारेला बांधलेली असते आणि घराच्या तोंडाशी चिनी मातीचे किंवा प्लास्टिकचे इन्सुलेटर दिसते.

पण रूपावर जाऊ नका. टीव्ही केबल निरुपद्रवी वाटते, पण गल्लीतल्या अँप्लिफायरसाठी जाड केबलमधून कधी कधी करंट सोडलेला असतो. टेलिफोनच्या तारेत एरवी ४८ व्होल्टचा दाब असतो, घंटी वाजताना तो वाढतो. फायबरमध्ये वीज नसते, पण तिची पोलादी आधारतार कुठे विजेच्या तारेला टेकली असेल तर तिच्यात वीज उतरते. शिवाय तुटलेल्या फायबरचा काचेचा कण बोटात किंवा डोळ्यात गेला तर काढणे अवघड. तिच्या तुटक्या टोकात डोकावूनही पाहू नये.

टेस्टर पेटला नाही, म्हणजे काय?

म्हणजे फार काही नाही. आपल्या गल्लीतली ती तार आठवा. टेस्टर खराब असू शकतो. भर उन्हात त्याचा दिवा दिसत नाही. कोरड्या लाकडी शिडीवर उभे राहिले तर तो अंधुक लागतो किंवा लागतच नाही. तार एखाद्या बटणावर असेल तर दुपारी मेलेली आणि संध्याकाळी जिवंत. ती न्यूट्रल असेल तर टेस्टर पेटणार नाही, पण दिवे-पंखे चालू असताना ती तोडली की तिचे घराकडचे टोक जिवंत होते. आपण मेन स्विच बंद केला तरी घरातल्या इन्व्हर्टरची वीज चालूच राहू शकते. आणि दुसरे टोक शेजाऱ्याच्या घरात असेल तर आपला मेन स्विच बंद करून उपयोग काय?

उलट दुसरीही गोष्ट घडते. जिवंत तारेला लागून लांबवर गेलेली निकामी तारही टेस्टरचा दिवा मंद पेटवते. म्हणून अनुभवी वायरमन आधी चालू सॉकेटवर आपले साधन तपासतो, मग तार तपासतो आणि शेवटी पुन्हा सॉकेटवर साधन तपासतो. टेस्टरवर न थांबता तो मीटर किंवा टेस्ट लॅम्प वापरतो आणि मग दोन्ही टोके सोडवतो.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण विहारात नेहमी ऐकतो. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, मोठ्यांनी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. "वीस वर्षं झाली, काही झालं नाही" हेही प्रमाण नाही. वीस वर्षांत ओले अंगण, अनवाणी पाय, तडकलेली तार आणि दाबलेले बटण या चार गोष्टी एका वेळी जुळल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मात्र तपासायचे म्हणजे हात लावून पाहायचे नव्हे. ज्याला ते शास्त्र येते त्याच्याकडून तपासून घ्यायचे.

काढायची कोणी आणि कशी?

वहीतल्या तारांचे तीन भाग करा.

पहिला भाग, खांबापासून मीटरपर्यंतची तार. तिला फक्त महावितरणच्या माणसाने हात लावायचा, कितीही ओळखीचा वायरमन असला तरी त्याने नाही. ती कंपनीच्या संमतीशिवाय कापून नेली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १३६ खाली साहित्याच्या चोरीचा आरोप येऊ शकतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. स्वस्तात भंगार विकायला गेलेल्या आपल्या पोराच्या नावावर गुन्हा लागला तर नोकरीच्या वेळी काय होईल, विचार करा.

दुसरा भाग, टीव्ही, टेलिफोन आणि इंटरनेटच्या तारा. ज्यांची सेवा चालू आहे त्यांना विचारा. बंद असलेल्यांच्या तारा त्या त्या ऑपरेटरला कळवून काढायला लावा. आपल्या भिंतीवरची तार पुढे चार घरांना जात असते. आपण ती तोडली तर पलीकडच्या लेकराचा ऑनलाईन अभ्यास बंद पडतो आणि गल्लीत भांडण उभे राहते.

तिसरा भाग, मीटरच्या पुढची आपली स्वतःची तार. ही परवानाधारक वायरमनकडून काढून घ्यावी. तो वीज बंद करील, इन्व्हर्टर सोडवील, शेजारच्या घरचेही बटण बंद करील, तपासून खात्री करील आणि मग तार बोर्डातून, म्हणजे मुळातून, सोडवील. मधेच कापून टोकाला चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे तार काढणे नव्हे. अर्धवट तोडलेली तार ही सगळ्यांत वाईट. जे बटण कशालाच जोडलेले नाही तेही बोर्डातून काढून टाकावे.

काम कोरड्या दिवशी, उजेडात करावे. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी वापरू नये. तार निघाली की खिळे व हुक काढावेत आणि भिंतीतली भोके सिमेंटने बुजवावीत. नाहीतर पावसाचे पाणी त्याच वाटेने बोर्डात उतरते. चालू तार आत जाते तिथे ती भोकाच्या खाली झोळ देऊन मग वर चढवावी, म्हणजे पाणी झोळावरून खाली गळते.

निघालेल्या तारा तांब्यासाठी जाळू नयेत, पोरांनाही जाळू देऊ नयेत. वरचे प्लास्टिक जळताना विषारी वायू निघतो, तो लेकरांच्याच छातीत जातो. भंगारवाल्याला जशीच्या तशी द्या. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

अर्ज असा करा

तोंडी सांगून काम होत नाही, हे कारकुनी करताना मी रोज पाहतो. कागद द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख घ्या आणि ती प्रत जपून ठेवा. मजकूर साधा असावा:

"प्रति, मा. सहायक अभियंता, महावितरण, (आपल्या भागाचे शाखा कार्यालय). विषय : घरावरील वापरात नसलेली व धोकादायक सर्व्हिस वायर काढण्याबाबत. महोदय, माझा ग्राहक क्रमांक (बिलावरील बारा अंकी) असून माझ्या घराच्या दर्शनी भिंतीवर जुनी सर्व्हिस वायर व जीआय तार लोंबकळत आहे. तिच्यात वीजपुरवठा आहे की नाही याची खात्री करून ती काढावी, तसेच चालू वायरचे आवरण तपासावे, ही विनंती. घरात लहान मुले व वृद्ध आहेत. सोबत छायाचित्र जोडले आहे."

पत्र्याला झिणझिण्या येत असतील किंवा तार तुटून पडली असेल तर अर्जाची वाट पाहू नका. लगेच १९१२ किंवा १९१२० या क्रमांकावर कळवा आणि कर्मचारी येईपर्यंत त्या जागेजवळ कोणाला फिरकू देऊ नका.

एखाद्याला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून अलग करा. हे घरातल्या विजेपुरतेच. खांबावरची मोठी लाईन असेल तर दूर राहून वीज बंद करायला लावा. माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाब देत राहा आणि १०८ ला फोन करून घाटीत न्या. मातीत पुरणे, शेण फासणे असल्या अंधश्रद्धेत एक मिनिटही घालवू नका. ते एक मिनिटच जीव वाचवते.

जयंतीच्या आधी एक रविवार

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. विजेच्या विकासाचे धोरण त्यांच्या खात्यात होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि भरपूर विजेची गरज मांडली. वीज आली तर उद्योग येतील आणि उद्योग आले तर गरीब माणूस दारिद्र्याच्या चक्रातून सुटेल, असा त्यांचा विचार होता. ज्या महामानवाने आपल्या घरात उजेड यावा म्हणून विचार केला, त्याच्याच जयंतीच्या रोषणाईत आपल्या लेकराचा जीव जाऊ नये, एवढे तरी आपल्याला जमले पाहिजे.

म्हणून प्रत्येक विहार समितीला माझी सूचना आहे. १४ एप्रिलच्या आधी एक रविवार आणि वर्षावास सुरू होण्याच्या आधी एक रविवार, असे वर्षातले दोन दिवस तारांच्या पाहणीसाठी ठेवा. आपल्या समाजात आयटीआयमधून वायरमन, इलेक्ट्रिशियन झालेली पुष्कळ मुले आहेत. त्यांना मानाने बोलवा, त्यांच्या शब्दाला किंमत द्या. गल्लीची एक वही करा. रोषणाईची तार उत्सव संपल्यावर दोन दिवसांत उतरवा. निळा झेंडा व पंचशील ध्वज लावताना लोखंडी पाईपऐवजी बांबू घ्या, आणि घरगुती लाईनपासून बाजूला चार फूट व उंचीला आठ फूट, तर अकरा केव्हीच्या लाईनपासून उंचीला बारा फूट तरी अंतर राहील अशी जागा निवडा. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी बांधा, तीही विजेच्या खांबाला नव्हे.

आमच्या गल्लीतली ती तार त्याच दिवशी मागच्या घराच्या बोर्डातून सुटली. महावितरणकडे अर्ज गेला आणि जुनी जीआय तारही पुढे निघाली. आजीबाईंच्या दारात आता निळी नायलॉनची दोरी आहे. त्या मला म्हणाल्या, "वीस वर्षं मी मरणावर लुगडं वाळू घातलं की रे बाबा!" आणि नातीचा गणवेश त्या दोरीवर टाकून त्या आत गेल्या.

धम्माचे वर्णन करताना आपण वंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पाहा. हा अंक वाचून झाला की घराबाहेर या आणि आपल्या भिंतीकडे एकदा नीट पाहा.

जयभीम!